बांधावरची निलगिरी अन् साबणातलं तेल

बांधावरच्या निलगिरीचं तेल काढून साबणात घालायचं का, असं बरेच जण विचारता. माझं मत: भट्टीला पैसे घालण्याआधी झाडाची जात ओळखा. नगरकडची बहुतेक निलगिरी बल्ल्यांसाठी लावलेली, पाल्यात तेल कमी. सिनिओलवालं औषधी तेल देणारी 'ग्लोब्युलस' थंड डोंगरात वाढते. लिंबाच्या वासाची 'सिट्रिओडोरा' असेल तर साबणाच्या सुगंधाला चालते. थोडं तेल काढून आधी प्रयोगशाळेत तपासा.

निव्वळ तेल अंगाला लावू नका. लेकरांच्या पोटात गेलं तर विषबाधा होते. विक्रीच्या साबणाला एफडीएचा परवाना लागतो. लेबलवर 'सर्दी बरी होते' छापलं, की ते औषधाच्या नियमात जातं. म्हणून एकेकट्याने धावण्यापेक्षा कंपनीमार्फत मिळून परवाना काढू.