ड्रायसूट द्या आणि त्याचे व्हॉल्व्ह सांभाळण्याची सोयही करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जळगाव
(मा. तहसीलदार, अमळनेर यांच्यामार्फत)

विषय : पाण्यातील शोधकार्यासाठी ड्रायसूट मिळणे आणि त्यांच्या व्हॉल्व्हची तपासणी-दुरुस्ती खानदेशातच होणेबाबत.

महोदय,

आम्ही अमळनेर तालुक्यातील तापी, बोरी आणि पांझरेच्या काठचे पट्टीचे पोहणारे. कुणी बुडाले की गावकरी आधी आमच्या दारी येतात. कमरेला दोर बांधून आम्ही डोहात उतरतो आणि गाळात हाताने चाचपत शोध घेतो. हे काम आम्ही सोडणार नाही. मात्र उतरणारा माणूस धडधाकट वर यावा, एवढ्यासाठी हे मागणीपत्र देत आहोत.

१८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी आपल्या आगाराची एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. चालक-वाहकांसह १२ जण गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पडला आणि दोन एस.टी. गाड्या पुरात वाहून गेल्या. मृतदेहांचा शोध कित्येक दिवस चालला. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की आपली तापीही दुथडी वाहते. अशी वेळ इथे येणारच नाही, असे कुणी म्हणू शकत नाही.

पुराच्या आणि वस्तीजवळच्या पाण्यात सांडपाणी, मेलेली जनावरे, काचा, तारा असतात. अंगावरच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार शरीरात शिरतो. अशा पाण्यात अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट हेच खरे संरक्षण आहे. पण त्याची सारी भिस्त दोन व्हॉल्व्हवर असते. छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सूटमध्ये हवा भरतात. डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती बाहेर सोडतात. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्म्या जागेत दबते. वर येताना तीच हवा फुगते. छातीचा व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा दंडाचा तुंबला, तर माणूस आवरता न येण्याइतक्या वेगाने वर फेकला जातो आणि फुप्फुसांना इजा होते. दंडाच्या व्हॉल्व्हचा पातळ रबरी पडदा बैठकीवर नीट बसला नाही, तर घाण पाणी थेट अंगाला लागते. वाळूचा एक कण किंवा आतल्या कपड्याचा एक धागा अडकला तरी एवढे सारे होऊ शकते. आमच्या नद्यांत तर गाळ आणि वाळूच भरलेली. म्हणून नुसती खरेदी पुरेशी नाही. आमच्या मागण्या अशा :

१. दूषित पाण्यात उतरणाऱ्यांसाठी जाड रबरी ड्रायसूट आणि संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क तालुक्याला द्यावेत. कापडी सूटपेक्षा रबरी सूट धुऊन निर्जंतुक करणे सोपे जाते.

२. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. तिथेच जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी दुरुस्ती केंद्र सुरू करून प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावेत. ऐन पावसाळ्यात सूट दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवला, तर तो गरजेच्या वेळी हाताशी नसतो.

३. खरेदी आदेशातच त्या-त्या बनावटीचे पडदे, ओ-रिंग, गॅस्केट आणि सिलिकॉन ग्रीस यांचा पुरेसा साठा समाविष्ट करावा. एका बनावटीचा पडदा दुसऱ्याला बसेलच असे नाही, आणि गाडीचे साधे ग्रीस रबर खराब करते.

४. दरवर्षी मे महिन्यात आणि गणेश विसर्जनापूर्वी प्रत्येक सूटची तपासणी करून नोंदवहीत सही व्हावी. मान-मनगटांची तोंडे बंद करून, दंडाचा व्हॉल्व्ह आवळून सूट फुगवावा आणि साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबप्रमाणे गळकी जागा बुडबुड्यांनी कळते. पडद्याची परीक्षा वेगळी घ्यावी : व्हॉल्व्ह काढून बाहेरच्या बाजूने हवा दिली, तर ती आत जाता कामा नये. पडदा कोमट साबणपाण्याने धुवावा. कडा मुडपली किंवा चिरली असेल तर बदलावा. प्रत्येक कामानंतर सूट गोड्या स्वच्छ पाण्याने धुण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

५. प्रशिक्षणात बिघाडाचा सराव करून घ्यावा. छातीचा व्हॉल्व्ह अडकला तर हवेची नळी तत्काळ काढणे आणि डावा कोपर उंच धरून हवा सोडणे हे हाताच्या सवयीचे झाले पाहिजे. उन्हाळ्यात काठावर सूट घालून ताटकळल्यास उष्माघाताचा धोका असतो; त्यासाठी सावली, पाणी आणि वेळेची मर्यादा ठरवावी. आत ओल दिसली तर ती घामाची की गळतीची, हे ओळखायलाही शिकवावे.

६. तपासणीची सही नसलेला सूट घालून उतरण्यास नकार देण्याचा लेखी अधिकार मिळावा आणि शोधकार्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा काढावा.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार पूर्वतयारीची जबाबदारी आपल्या प्राधिकरणाची आहे. सूट विकत घेणे ही त्या तयारीची सुरुवात आहे. तो प्रत्येक वेळी कोरडा राहील याची हमी असेल, तरच ती तयारी पुरी झाली असे आम्ही मानू. पावसाळ्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींसह बैठक बोलवावी आणि वरील मागण्यांवर लेखी निर्णय कळवावा, ही आग्रहाची विनंती.

आपले,
अमळनेर तालुक्यातील नदीकाठचे समस्त पोहणारे व शोधकार्य करणारे