धायटीला नुसतं सरपण समजू नका

पौडहून ताम्हिणीकडं जाताना फेब्रुवारी-मार्चात डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात. त्याच मुरमाड उतारांवर लालभडक फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात. ती धायटी. कुणी लावली नाही, कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी वर्षानुवर्षं उभी आहे. पोरं फूल ओढून मध चोखतात, तेवढीच आपली ओळख. बाकीच्यांच्या लेखी ती सरपण, नाहीतर प्लॉट पाडताना जेसीबीला आडवी येणारी झाडी.

आता तिचं काम बघा. रानातली ओल आटते तेव्हा मधमाश्या आणि शिंजीर पळस-पांगाऱ्यासोबत हिच्यावरही जगतात. हीच फुलं वाळवून आसव-अरिष्टांत घालतात. अशोकारिष्ट, दशमूलारिष्टाच्या बाटलीवर ‘धातकी’ लिहिलेलं असतं, ती हीच. काढा आंबवायला तिची फुलं लागतात. म्हणजे वाळलेल्या फुलाला गिऱ्हाईक आहे.

आपण काय करतो? पावसाळा आला की वृक्षारोपणाचे फोटो. फार्महाऊसवाले लॉन लावतात आणि उन्हाळ्यात टँकर मागवतात. धरणाच्या तालुक्यात वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन फिरतात आणि लॉन हिरवंगार! हे मला पटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बांध, रस्त्याकडेचे उतार, शाळेच्या कुंपणाची जागा इथं धायटी लावा. बी अगदी बारीक असतं, खोल पुरायचं नाही. रोपं पावसाळ्यात लावली की पहिली एक-दोन वर्षं गुरांपासून आणि वणव्यापासून जपायची. बचत गटांनी फुलं गोळा करून सावलीत वाळवावीत, पण झुडूप ओरबाडायचं नाही. सगळीच फुलं तोडली तर माश्यांना काय उरणार आणि बी कुठून पडणार? यातून कुणी लखपती होणार नाही. पण भाताचं काम नसतं त्या महिन्यांत हाताला थोडे पैसे लागतील.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. 1 मेच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, आपल्या नोंदवहीत धायटी आहे का? कुठल्या डोंगरावर आहे, फुलं कोण गोळा करतं, हे लिहिलंय का? कातकरी वस्तीवरच्या माणसांना त्यासाठी बोलावलं होतं का?

डोंगर सपाट झाल्यावर नोंद करून उपयोग नाही. तुमच्या गावात काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.