नकलेचा आळ

साहित्यिकांच्या बैठकीत रॉक संगीताचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी कानांत बोटे घालण्याचा अभिनय करतो. आणि दुसरा कोणीतरी चष्मा सावरून गंभीरपणे सांगतो, की ही सगळी पाश्चात्त्यांची नक्कल आहे, आपल्या मातीत तिला मूळ नाही. पहिल्या गृहस्थांशी माझे भांडण नाही. कान ज्याचे त्याचे. माझे भांडण आहे ते दुसऱ्यांशी, कारण ते निकाल देतात आणि त्यांचा निकाल पुढे इतिहास म्हणून छापला जातो.

हे मी कमलनगरात बसून लिहितो, म्हणून काही वाचकांना हसू येईल. उदगीर आणि भालकीच्या मधल्या या स्टेशनावर डीप पर्पल आणि लेड झेपेलिनचे काय काम? काम आहे. सिकंदराबादेच्या फुटपाथवरून आणलेल्या कॅसेटी विकाराबादमार्गे याच रेल्वेने आमच्याकडे आल्या. ज्या घरात सकाळी अभंग, दुपारी बेंगळुरू आकाशवाणी आणि रात्री कव्वाली लागत असे, त्या घरात आणखी एक आवाज आला एवढेच. कोणाचा धर्म बुडाला नाही.

मागे आमच्याच भागातल्या एका साहित्य मेळाव्यात चार मुलांनी संध्याकाळची वीस मिनिटे मागितली होती. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि एक हलगी एवढा त्यांचा सरंजाम. एक अभंग, एक कानडी तत्त्वपद आणि दोन स्वतःची गाणी म्हणणार होते. संयोजकांनी नकार दिला, त्याबद्दलही फारसे म्हणणे नाही. कार्यक्रम त्यांचा होता. पण नकाराचे कारण ऐकण्यासारखे होते. "सीमाभागात मराठी आधीच संकटात आहे, त्यात हे परकीय खूळ नको." मला या वाक्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, बीदर कर्नाटकात आला, तेव्हापासून आम्हाला आपले मराठीपण कागदावर सिद्ध करावे लागते. आता ते गिटार न वाजवूनही सिद्ध करायचे?

बरे, नकलेचेच बोलू. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ साली सांगलीत मानतो. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते कशावरून? कारवारकडच्या कर्की गावची कानडी भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली होती, ते पाहून. 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाट्यपदांत कर्नाटकी चाली आहेत हे कोणीही जाणकार सांगेल. ज्या पेटीवर ती पदे म्हटली गेली ती पेटी युरोपातून आली. आमच्याकडे 'बँड' म्हटले की लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो; त्यातला क्लॅरिनेट आणि पितळी बाजा गोऱ्या पलटणींबरोबर आला आणि आज नवरदेव त्याच्याशिवाय घोड्यावर बसत नाही. आमच्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू मराठीत, कानडीत, हिंदीत पदे रचत होते. त्यातली कोणती मूळ आणि कोणती नक्कल? उसने घेणे हीच आमच्या भागाची रीत आहे. कर्कीच्या खेळ्यांपासून घेतले की परंपरा आणि बर्मिंगहॅमच्या पोरांपासून घेतले की नक्कल, हा न्याय मला कोणीतरी समजावून सांगावा.

आता त्या बर्मिंगहॅम-लंडनच्या पोरांकडे वळू. त्यांनी तरी कोठून आणले? अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजमधून. डीप पर्पलला १९६८ साली पहिले यश मिळाले ते 'हश' या गाण्याने, आणि ते गाणे त्यांचे नव्हे, जो साऊथ या अमेरिकन गीतकाराचे होते. लेड झेपेलिनचे १९६९ सालचे 'होल लॉटा लव्ह' तर कोर्टापर्यंत गेले. शिकागोचे ब्लूज रचनाकार विली डिक्सन यांनी १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले. नकलेची याहून ढळढळीत कबुली कोणती? तरीही लेड झेपेलिनला कोणी इतिहासातून वगळले नाही. उलट त्यांची प्रत्येक तबकडी, प्रत्येक तारीख, कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले, हे सगळे ग्रंथांत नोंदले गेले आहे. उसनवारीचाही हिशेब ठेवला, म्हणून डिक्सन यांना न्याय मिळाला.

आमच्याकडे हिशेब ठेवणारी माणसे नव्हती असे नाही. गोहरजानची पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ सालची, हे मराठी रसिक झोपेतही सांगेल. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी जुन्या तबकड्यांचे क्रमांक, लेबले, सालवारी यांसाठी आयुष्याची वर्षे दिली. नाट्यपदाच्या तीन मिनिटांच्या तबकडीवर आपण वीस पाने लिहितो, आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण माझ्या कपाटातल्या मराठी संगीतावरच्या पुस्तकांत नंदू भेंडे हे नाव शोधले, तर हाताला काहीच लागत नाही.

कोण नंदू भेंडे? आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे घर मराठी रंगभूमीचे, आणखी कोणते मूळ आणि कोणती माती हवी? हा मुलगा मुंबईत व्हेलव्हेट फॉग, सॅव्हेजेस, ॲटॉमिक फॉरेस्ट अशा बँडांतून गायला. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य १९७० साली आधी तबकडीवर आले, त्यात येशूचा आवाज डीप पर्पलच्या इयन गिलनचा होता. तेच १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत रंगमंचावर आणले तेव्हा ज्यूडास होता आपला नंदू. चार वर्षांनी, १९७८ साली, पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्टच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला, जब्बार पटेलांनी तो पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीतर्फे बसवला, आणि त्यात नंदू भेंडे गात होते. संगीतातही भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीला त्यांचा हात होता. बर्लिनचे नाटक, लावणी, नाट्यपद आणि रॉक एका रंगमंचावर! पुलंनी हे केले तेव्हा ते प्रयोगशील ठरले. त्याच आवाजाने गिटारच्या साथीने इंग्रजी गाणे म्हटले की तो मराठी इतिहासाच्या बाहेर. पुढे १९८२ सालच्या 'डिस्को डान्सर'मध्ये याच गळ्याने 'कृष्णा धरती पे आजा तू' म्हटले. ज्यूडासने कृष्णाला हाक मारली, आणि हे गाणे या आवाजाचे म्हणून कोणी ओळखलेही नाही. २०१४ साली नंदू भेंडे गेले.

ॲटॉमिक फॉरेस्टची गोष्ट तर शरमेने सांगावी अशी आहे. इतकी वर्षे वाजवूनही हयातीत या बँडची एकच एल.पी. निघाली, 'ऑब्सेशन सेव्हंटी सेव्हन'. ती दुर्मीळ झाली, परदेशी संग्राहकांनी शोधून शोधून मोठ्या किमती मोजल्या, आणि २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन नावाच्या कंपनीने या बँडचे संगीत नव्याने प्रकाशित केले. मुंबईचे संगीत, मुंबईची माणसे, आणि त्यांची फाइल उघडली अमेरिकेत. आपल्याकडे किती विद्यापीठांत संगीत विभाग आहेत ते मोजायला मी बसत नाही.

यावर एक शहाणपणाचा वाटणारा आक्षेप येतो: "एकच एल.पी., तीही बरीचशी परक्यांच्या गाण्यांची. मग इतिहास कशाचा लिहायचा?" हा आक्षेप नीट तपासला पाहिजे, कारण यातच खरी मेख आहे. डीप पर्पलने जून १९७० ते डिसेंबर १९७२ या अडीच वर्षांत 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड' आणि 'मेड इन जपान' अशा चार मोठ्या तबकड्या काढल्या. 'मशीन हेड'साठी ते डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोला गेले, तर ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचे तोच जळून खाक झाला. त्यांनी काय केले? एका रिकाम्या हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून वाजवले, आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा ध्वनिमुद्रणाचा फिरता ट्रक उभा होता त्याने ते टिपले. पुढच्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री वाजवले, तेही टेपवर उतरले आणि 'मेड इन जपान' झाली. म्हणजे त्यांचा कॅसिनो जळाला तरी तबकडी झाली. आमच्या बँडांनी रात्रीमागून रात्री हॉटेलांत, कॉलेजांत, कुलाब्याच्या स्लिप डिस्कसारख्या जागी वाजवले, आणि बाहेर ट्रक नव्हता. इथल्या ग्रामोफोन कंपन्यांना चित्रपटगीतांपुढे या मुलांकडे पाहायला फुरसत नव्हती. १९७० आणि १९७१ साली देशभरच्या बँडांच्या दोन एल.पी. निघाल्या, त्यांत शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्युजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर आहेत, आणि त्या निघाल्या कशामुळे? सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या स्पर्धेमुळे! सिगारेट कंपनीला जे सुचले ते संस्कृतीच्या रखवालदारांना सुचले नाही.

तेव्हा तबकड्यांची यादी ही प्रतिभेची यादी नव्हे. यंत्र कोणाच्या हातात होते, याची ती यादी आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली स्वतः मुंबईला आले, विजय राघव रावांच्या मदतीने इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली, स्लिप डिस्कमध्येही वाजवले. ती मुंबईची टेप अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले, पण आली. कारण ती जपणारे कोणी होते. त्याच स्लिप डिस्कमध्ये बाकीच्या रात्री जे वाजले ते हवेत गेले.

पुढच्या पिढीला थोडे बरे दिवस आले. १९८४ साली मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीनने १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' काढली. उदय बेनेगल गाणार, महेश तिनईकर गिटारवर. १९९३ साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले, १९९५ साली त्याच नावाची तबकडी काढली, १९९७ साली फुटले, २०१० साली पुन्हा जमले, २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' आली. चार तबकड्या आणि सारे आयुष्य. यांची गाणी स्वतःची होती; नकलेचा आळ इथे टिकत नाही. मग आळ बदलला: "इंग्रजीत गातात." मराठीत गायलात तर मराठी बिघडवता, इंग्रजीत गायलात तर तुम्ही आमचे नव्हे. मग गायचे कशात?

राहिला गोंगाटाचा मुद्दा. आमच्या भागात हलगी आहे. कानडीत तिला हलगे म्हणतात, तेलंगणाकडे डप्पू. विस्तवावर शेकून तिचे कातडे ताणतात, आणि मग ती अशी कडाडते की वेशीबाहेर वाजली तरी आख्ख्या गावाला ऐकू जाते. ती वाजवणाऱ्यांना गावाने कोठे राहायला लावले हे वाचकांना सांगायला नको. मंगल कार्याला ती हवी, मैफलीत नको. तिचाही 'गोंगाट'च होता. आवाज मोठा आहे हा आक्षेप बहुधा आवाजाविषयी नसतो, तो कोणी काढला याविषयी असतो. त्या चार मुलांनी ड्रमच्या शेजारी हलगी ठेवली, यात मला जितकी संगीताची जाण दिसते तितकी त्यांना नाकारणाऱ्यांच्या ठरावात दिसली नाही. पलीकडे कानडीत पाहा. नाशिकला जन्मलेल्या आणि म्हैसूरला वाढलेल्या रघू दीक्षित यांनी शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदे गिटार-ड्रमवर घेतली, २००८ साली त्यांची तबकडी आली, आणि आमच्याकडच्या कानडी पोरांच्या तोंडी दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या संताचे शब्द आले. शरीफ बाटले नाहीत. कानडी बुडाली नाही.

म्हणून या अंकाच्या संपादकांकडे माझी रोखठोक मागणी आहे. दरवर्षी जुन्या नाट्यपदांच्या आठवणींना आपण पाने देता. पुढच्या दिवाळीला त्यांतली पाच मला द्या. लातूर, उदगीर, बीदर, भालकी, कलबुर्गी या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत जे जे बँड वाजले, त्यांची नावे, वादक, वाद्ये, कोणत्या साली कोणत्या गणपतीसमोर वा कॉलेजात वाजले, कोणाकडे कॅसेट आहे, कोणाच्या मोबाइलमध्ये काय उरले आहे, हे मी जमवायला घेतले आहे. वहीची सत्तर पाने भरली आहेत. ज्यांच्याकडे घरात जुनी टेप पडली असेल त्यांनी ती पुसण्यापूर्वी कळवावे. बुरशी आली असली तरी चालेल, टेप वाळवून पुन्हा चालवणारा एक माणूस उदगिरात आहे.