चावी कोणाच्या हाती?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडविली. त्याच दिवशी तळीये गाव दरडीखाली गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. गेलेली माणसे परत येत नाहीत. माल पुन्हा भरता येतो. पण उधारीची वही, सभासदांचे खाते आणि हिशेबाचा संगणक चिखलात गेला, की छोट्या दुकानदाराचा, बचत गटाचा, पतसंस्थेचा पुरावाच जातो. विमा कंपनी कागद मागते, बँकही कागद मागते. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला दाद कोण देणार?

म्हणून हिशेब ‘क्लाऊड’वर न्या, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दूरच्या इमारतीतला, आपण भाड्याने घेतलेला संगणक. सल्ला चुकीचा नाही. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. पूर येणाऱ्या बाजारपेठेत तळमजल्यावर हिशेबाची एकुलती एक प्रत ठेवणे हा आत्मघातच आहे. परंतु आमचा सवाल आहे, त्या इमारतीची चावी कोणाच्या हाती?

महाडला हा सवाल नवा नाही. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. हक्क आपला, वाट अडविणारा दुसरा, ही स्थिती आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे नायरा एनर्जी या भारतातील तेल कंपनीच्या सेवा एकाएकी बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. तिच्याजवळ वकील होते. पोलादपूरच्या बचत गटाजवळ कोण आहे? आणि मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली, तेव्हा दुसरीकडे प्रत न ठेवणाऱ्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. पुरातून वाचविलेले आगीत जाऊ शकते.

मग करायचे काय? सगळा कारभार एका दिवसात हलवू नका. आधी हिशेब आणि सभासदांची खाती न्या. दोन-तीन महिने जुनी वही सोबत चालवून ताळा जुळवा. खाते संस्थेच्या नावाने काढा, कारकुनाच्या किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या नावाने नव्हे. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. भाडे कसे वाढेल आणि करार मोडल्यास आपली माहिती कशी परत मिळेल, हे लेखी घ्या. आठवड्याला एक प्रत दुसऱ्या गावी, उंचावर ठेवा. पुरात वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले होते. अशा दिवशी क्लाऊड उघडणार कसा? म्हणून सभासदांची छापील यादीही हाताशी हवी.

एकट्या संस्थेला हे झेपणार नाही. दहा संस्थांनी मिळून करार केला, तर भावही कमी होईल आणि शब्दालाही वजन येईल. संगणक शिकलेली आपली मुले-मुली नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातात; त्यांच्यातल्या काहींना हे काम रीतसर पगार देऊन सोपवा. तळे गाठायला आपण एकत्र निघालो होतो. आपल्या हिशेबाची चावीही एकत्र येऊनच आपल्या हाती राहील.