लांब नखें आणि डोळ्यांतील लेन्स

हल्लीं विवाहप्रसंगीं बोटांवर लांब कृत्रिम नखें चढविण्याची चाल पडली आहे. आणि चष्मा सोडून डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स घालणाऱ्या मुलीही आतां पुष्कळ घरांतून दिसतात. यांपैकीं एकाही गोष्टीस नाकें मुरडावीं, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु दोन्ही एकत्र आल्या म्हणजे डोळ्यास जो धोका उत्पन्न होतो, त्याचा विचार लग्नाच्या गडबडींतही घरांतील वडील माणसांनीं अवश्य केला पाहिजे.

बुबुळावरील पारदर्शक पडदा मध्यभागीं अवघा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यास नखाचा ओरखडा गेला आणि त्यांत जंतु शिरले, म्हणजे व्रण होतो. व्रण भरला तरी पांढरा डाग राहून दृष्टि कायमची मंद होऊं शकते. लांब नखांखालीं जंतूंस चांगलाच आसरा मिळतो व हात धुतल्यावरही त्यांतील पुष्कळसे तेथेंच राहतात. म्हणूनच रुग्णांस हात लावणाऱ्या परिचारकांनीं कृत्रिम नखें वापरूं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं सांगितलें. रुग्णापाशीं जें वर्ज्य, तें डोळ्यापाशीं कसें चालेल?

यावर उत्तम उपाय म्हणजे दोन्ही हातांच्या अंगठ्याचीं व तर्जनीचीं नखें आखूड ठेवणें. तें न साधल्यास पुढील काळजी घ्यावी. हात साबणानें धुवावे, नखांची आंतली बाजू मऊ ब्रशानें घासावी आणि सूत न सुटणाऱ्या स्वच्छ रुमालानें हात कोरडे करावे. लेन्स घालतांना बोट उभें न धरतां किंचित् आडवें धरावें. मऊ लेन्स काढतांना वर पाहून ती बोटाच्या मांसल भागानें पांढऱ्या बुबुळाकडे खालीं सरकवावी व दोन बोटांच्या मांसल कडांनींच उचलावी. नखांचा चिमटा कधींही करूं नये. कड फाटलेली लेन्स टाकून द्यावी. लेन्स अथवा तिची डबी नळाच्या पाण्यानें धुवूं नये, कारण त्या पाण्यांतील कांहीं सूक्ष्म जीव डोळ्यास फार घातक असतात.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांत विशेष ध्यानांत ठेवावी. नखें चिकटविण्याच्या गोंदाची बाटली पुष्कळदां डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीसारखीच दिसते. आजींचें मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचें औषध आणि हा गोंद एका फडताळांत केव्हांही असूं नयेत. चुकून गोंद डोळ्यांत गेलाच, तर पापण्या ओढून उघडूं नयेत. कोमट पाण्यानें डोळा धूत राहावें व तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

डोळा लाल झाला, दुखूं लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसूं लागलें, तर लेन्स काढून त्याच दिवशीं नेत्रवैद्यांस दाखवावें. लेन्स व डबी बरोबर न्यावी, म्हणजे जंतूंची परीक्षा करितां येते. पाहुणे परत जाईपर्यंत थांबूं, असें म्हणूं नये.

मुलीस नांवें ठेवून कांहीं साधत नाहीं. चार नखें आखूड ठेव, एवढेंच तिला प्रेमानें सांगावें. राहिलेल्या सहांवर तिनें आपली हौस खुशाल पुरवावी.