दोन कारभारी, एक जबाबदारी

शेतकरी उत्पादक कंपनी अडचणीत आली की चर्चा भांडवल, गोदाम आणि बाजारभाव यांभोवती फिरते. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यातील कामाच्या वाटणीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वास्तविक, कंपनीची खरी कसोटी तेथेच लागते.

कंपनी कायदा, २०१३ मध्ये २०२० च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या तरतुदींनुसार उत्पादक कंपनीत ५ ते १५ संचालक असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरून नेमावा लागतो. मंडळाने धोरण ठरवावे आणि अधिकाऱ्याने दैनंदिन कारभार पाहावा, हा यामागील हेतू आहे.

व्यवहारात ही सीमारेषा पुसट होते. सोयाबीनची खरेदी सुरू असताना १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल आला, तर तो स्वीकारायचा की परत पाठवायचा, याचा निर्णय काट्यावरच करावा लागतो. अधिकारी नकार देतो आणि अध्यक्ष ओळखीखातर माल घ्यायला सांगतात. किंवा दोघेही निर्णय एकमेकांवर ढकलतात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी सभासदांची गत होते.

यावर उपाय साधा आहे. हंगामापूर्वी प्रत्येक निर्णयापुढे एकच नाव लिहावे. प्रतवारी, तोलाई आणि ठरलेल्या मर्यादेतील खरेदी अधिकाऱ्याकडे. दरधोरण, कर्ज आणि सभासदांच्या तक्रारी अध्यक्षांमार्फत मंडळाकडे. देयकांवर मात्र दोघांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात. मतभेद साप्ताहिक बैठकीत मिटवावेत, काट्यावर नव्हे.

‘विश्वास असेल तर कागद कशाला?’ असे विचारले जाते. परंतु विश्वास व्यक्तींमध्ये असतो आणि व्यक्ती बदलतात. कागद पुढच्या अध्यक्षालाही वाट दाखवतो.

केंद्र शासनाच्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत अधिकाऱ्याच्या वेतनासह व्यवस्थापन खर्चासाठी ३ वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. ते संपल्यावर वेतन कंपनीच्या उत्पन्नातून द्यावे लागते आणि ‘अधिकारी हवाच कशाला?’ हा प्रश्न उपस्थित होतो. ज्याचे काम स्पष्ट, त्याचीच उपयुक्तता सभासदांना पटवून देता येते.

म्हणूनच विस्तार कार्यकर्त्यांनी कंपनीला भेट देताना केवळ अध्यक्षांशी बोलून परतू नये. दोघांना एकत्र बसवावे आणि ताळेबंदाआधी कामाच्या वाटणीचा कागद मागावा.