तळ्याचे गणित

तळ्यात येणारे सांडपाणी थांबविले, तर पाणी निवळेल काय आणि किती दिवसांत? (खर्च आपल्या खिशातून व्हायचा असला, की प्रश्न नेमके सुचतात.) अमेरिकेत सिएटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवराविषयी प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी याचे उत्तर आधीच मांडले होते. हिशोब जमाखर्चासारखा : स्फुरद किती येते, किती वाहून जाते, किती तळाशी बसते. स्फुरद घटले, की शेवाळ घटेल. १९५८ साली नागरिकांनी मतदानाने संमती दिली. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी दुसरीकडे वळविण्यात आले. उन्हाळ्यात पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी पूर्वी एका मीटरवर दिसेनाशी होई, ती तीन मीटरपर्यंत दिसू लागली. भाकीत खरे ठरले.

१९७६ पासून मात्र पाणी त्याहूनही नितळ झाले, आणि हे कोणत्याच हिशोबात नव्हते. डॅफ्निया हे तिळाएवढे शेवाळभक्षी जीव एकाएकी वाढले होते. एडमंडसन यांचा उलगडा असा, की डॅफ्नियांना खाणारी बारीक कोळंबी माशांनी कमी केली, आणि त्यांच्या तोंडाशी गुंतणारे तंतुमय शेवाळही उरले नाही.

मिनेसोटातील शागावा सरोवराने उलट अनुभव दिला. तेथे १९७३ पासून सांडपाण्यातील स्फुरद काढून टाकले जाऊ लागले. पण तळाचा गाळ दर उन्हाळ्यात साठविलेले स्फुरद पाण्याला परत देत राहिला, आणि सुधारणा अपेक्षेहून रेंगाळली. तळे सुधारण्याची कोणतीही योजना हाती आली, की आम्ही हल्ली आधी गाळाचे पान शोधतो.